लाइन चारची तहान

मनीषा स्ट्रेचरवर बसायलाही तयार नव्हती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरलेली, आणि तोंडाने एकच धोशा. "म्याडम, गोळी द्या. लाइनवर जायचंय."

अंगात ताप होता. थंडी वाजत होती. पाठीत, बरगड्यांच्या खाली मी नुसतं बोट टेकवलं तरी ती कळवळली. मूत्रपिंडाला सूज आल्यावर दुखतं ते तिथेच. अशा पेशंटला गोळी देऊन परत कामावर पाठवत नाहीत. ती मात्र सारखी दाराकडे बघत होती.

मी तेव्हा आठवड्यातले काही दिवस रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत डॉक्टर म्हणून जायचे. उरलेले दिवस शिरूरला माझा स्वतःचा दवाखाना. कंपनीतल्या दवाखान्यावर 'ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर' अशी पितळी पाटी होती. आत एक टेबल, दोन खाटा, एक स्ट्रेचर आणि कांचन सिस्टर. पाटी बघायला पाहुणे यायचे, सिस्टरना बघायला पेशंट.

कंपनी वायर हार्नेस बनवायची. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. दिवा, हॉर्न, काच खालीवर करणं, सगळं तिच्यातून चालतं. हे काम बारीक बोटांचं, म्हणून लाइनवर सगळ्या बायका घेतलेल्या. बोटांबरोबर बाकीचं शरीरही कामाला येतं, हे प्लांटच्या नकाशात कुणी धरलेलं दिसत नव्हतं.

"पाणी किती पिता?" मी मनीषाला विचारलं.

"पिते की."

"सकाळपासून किती प्यायलात?"

ती म्हणाली, "चहा घेतला व्हता घरी. अर्धा कप."

"आणि तहान?"

"तहान न्हाई लागत मला. आधी लागायची. आता सवय झाली."

लघवीचा नमुना द्यायला तिला बराच वेळ लागला. आला तो कोऱ्या चहाच्या रंगाचा. त्या उन्हाळ्यात अशा तक्रारीने आलेली ती लाइन चारवरची तिसरी बाई होती.

इथे तहानेबद्दल थोडं सांगायला हवं. रक्तातलं पाणी जरा कमी झालं की मिठाचं प्रमाण वाढतं. मेंदूत खोलवर एक जागा असते, तिला ते लगेच कळतं. ती दोन हुकूम सोडते. एक मूत्रपिंडाला: पाणी धरून ठेव. दुसरा माणसाला: पाणी पी. पहिला हुकूम मूत्रपिंड मुकाट्याने पाळतं. दुसरा पाळायचा की नाही हे माणूस आजूबाजूला बघून ठरवतो. पुन्हा पुन्हा न पाळलेला हुकूम हळूहळू ऐकू येईनासा होतो. मेंदू ओरडत असतो, पण घड्याळाच्या टिकटिकीकडे आपलं जसं लक्ष जात नाही तसं होतं. मूत्रपिंडाचं काम मात्र चालूच राहतं. लघवी घट्ट होते, साचून राहते, त्यात जंतू वाढतात, खडे होतात. "तहान लागत नाही" हे मनीषाचं वाक्य खरं होतं. शरीराच्या दृष्टीने ते अशक्य होतं, एवढंच.

मी तिला शिरूरला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. सोनोग्राफीत उजव्या बाजूला दोन बारीक खडेही निघाले. डिस्चार्जच्या वेळी मी तिला कुठलाही डॉक्टर सांगेल तेच सांगितलं. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंड कायमचं खराब होईल.

"प्यायलं की जावं लागतं, म्याडम," ती म्हणाली.

"मग जायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर आई बघते तसं.

त्या बघण्याचा अर्थ मला कांचन सिस्टरनी सांगितला. त्या पाबळच्या. बोलायला तिखट, कामाला चोख.

"मॅडम, लाइन चालती असती. एक बाई उठली की पुढचीकडं माल जात न्हाई. म्हून उठणारीच्या जागी रिलीव्हर उभी ऱ्हाते. अख्ख्या लाइनला रिलीव्हर एक. तिच्याकडं एक केशरी पास. तो गळ्यात घातल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

"म्हणजे एका वेळी एकच बाई जाऊ शकते."

"आन् अदलाबदलीत वेळ जातो, म्हून ती गेली की वर बोर्डावर मिन्टं पडत्यात. लॉस टाइम. लई झालं की बोर्ड लाल. महिन्याला ज्या लाइनचा बोर्ड हिरवा, तिला ट्रॉफी, फोटो, प्लांट हेडच्या हातनं मिठाई. लाल झाला तर लाइन लीडरचं बोलणं समद्या खात्यात. मग त्यांनीच आपापसात ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"पास पाळी आलेलीसाठी आन् पोटुशीसाठी. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम धरायचा. दम धरायचा तर पाणीच कशाला प्यायचं? दौंडकडनं बस येती, त्यातल्या बायका तर उठल्यापासून पाण्याला शिवत न्हाईत. एवढा लांबचा रस्ता, मधी बस थांबती कुठं?"

हा नियम कंपनीच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हता. बायकांनी तो स्वतः केला होता, आणि माझ्या मते कंपनीतल्या सगळ्या नियमांत तोच एक न्याय्य होता. जिला गरज जास्त तिला आधी. भांडण नाही, तक्रार नाही, वर कुणाला कळतही नाही. अडचण अशी की त्यांच्या या चांगुलपणामुळेच एका रिलीव्हरवर लाइन चालत होती. त्यांनी एकमेकींशी भांडणं केली असती तर कंपनीला दुसरी रिलीव्हर कधीच ठेवावी लागली असती.

शौचालयं कमी होती असं मात्र म्हणता येणार नाही. कायद्यात सांगितलेल्यापेक्षा जास्तच होती. चकचकीत टाइल्स, हात पुढे केला की आपोआप सुटणारं पाणी, भिंतीवर लव्हेंडरचा फवारा. परदेशी पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. ती इतकी स्वच्छ कशी राहतात याचं पाहुण्यांना कौतुक वाटायचं.

मी एचआर हेडना भेटायला गेले. निखिल सर. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, बोलायला अत्यंत नम्र. ट्रेनिंग हॉलच्या भिंतीवर त्यांनी माणसाच्या गरजांचा त्रिकोण रंगवून घेतला होता. तळाला अन्न, पाणी, झोप. मग सुरक्षितता, प्रेम, मान असं करत वर टोकाला एक हात पसरलेला माणूस. आमची मीटिंग त्याच्याच खाली झाली.

"दर लाइनला दुसरी रिलीव्हर हवी," मी म्हटलं.

"मॅम, दुसरी रिलीव्हर म्हणजे हेडकाउंट. तो माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

"कॉर्पोरेटच्या."

"मग त्यांच्याकडे मागा."

"मागायला जस्टिफिकेशन लागतं."

"तीन बायकांची मूत्रपिंडं आहेत."

"ते मेडिकल झालं मॅम. बिझनेस जस्टिफिकेशन लागतं." ते पुढे झुकले. "आणि खरं सांगू का, हा बिहेवियरचा इश्यू आहे. गावाकडच्या लेडीज पाणीच कमी पितात. कल्चरल आहे. आपण त्यांना दोष देत नाही. आपण अवेअरनेस करू."

समाजाचा शरीरावर परिणाम होतो, हे त्यांना मान्य होतं. फक्त समाज म्हणजे बायकांची गावं, न्हावरे आणि दौंड, असं त्यांना वाटत होतं. कंपनी त्यात येत नव्हती.

अवेअरनेस झाला. 'हायड्रेशन वीक' असं फलकावर आलं. पुण्याहून एक मोटिव्हेशनल स्पीकर आले. त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि बायकांना सांगितलं, "तहान तुमची मैत्रीण आहे. ती तुमच्याशी बोलते. तुम्ही ऐकता का?" बायका मान हलवत होत्या. मैत्रीण म्हटल्यावर मान हलवणं भाग होतं. बोलता बोलता त्यांनी स्टेजवर आख्खी बाटली रिकामी करून दाखवली. टाळ्या झाल्या. सेशन संपल्यावर त्यांनी खाली उतरून पहिला प्रश्न विचारला तो वॉशरूम कुठे आहे हा. एचआरचा एक माणूस त्यांना घेऊन जवळजवळ धावत गेला. तेवढ्या वेळात हॉलमधली एकही बाई जागची उठली नव्हती.

"ह्यांना पास न्हाई लागत वाटतं," माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं आणि खसखस पिकली.

त्यानंतर पाण्याची घंटा सुरू झाली. दर तासाला शॉपफ्लोअरवर एक धून वाजायची आणि सगळ्यांनी घोट घ्यायचा. प्रत्येकीला कंपनीच्या नावाची जांभळी बाटली. जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्टच्या शेवटी लाइन लीडरने रिकाम्या बाटल्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. फोटो छान यायचे. कॅन्टीनच्या बाहेर कुंड्यांमध्ये क्रोटनची झाडं होती. भर उन्हाळ्यात त्यांना जी तरतरी आली, ती बघून मला सगळं कळलं. निखिल सरांनी मला लॅपटॉपवर आकडे दाखवले. सगळ्या लाइन्स हिरव्या. झाडांचाही कुणीतरी फोटो काढला आणि त्याला 'ग्रीन कॉर्नर'चं बक्षीस मिळालं.

लाइन चारवर खरोखर पाणी पिणारी एकच बाई होती. मनीषा.

तिच्या हट्टाला कारण होतं. ती कॉन्ट्रॅक्टवर होती. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देतात. म्हणजे काढतात आणि नवीन म्हणून पुन्हा घेतात, घेतलं तर. ब्रेकच्या काळात ती सासरच्या कांद्यात खुरपायला जायची. त्या महिन्यात लाइनवरच्या काही बायका पर्मनंट व्हायच्या होत्या आणि तिचं नाव त्यांत होतं. पर्मनंटच्या आधी मेडिकल असतं, आणि ते करणारी मी होते.

"आमच्या लाइनची अलका पर्मनंट झाली, म्याडम," तिने मला एकदा सांगितलं होतं. "तवापासनं तिची सासू तिला ताट वाढून देते. आधी ही समद्यांच्या मागनं जेवायची. कधी कालवण उरायचं, कधी न्हाई." मग म्हणाली, "मला कुणी वाढू नगं. नुसतं पयल्या पंगतीला बसाय मिळालं तरी झालं."

तेव्हा आजारी पडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. मी सांगितलं तसं ती थोडं थोडं पाणी प्यायची. आणि प्यायल्यावर जे होतं ते व्हायचं. ती हात वर करायची, रिलीव्हर यायची, केशरी पास तिच्या गळ्यात पडायचा. बोर्ड लाल होऊ लागला. आधी बायका हसण्यावारी नेत होत्या. "आली का गं मैत्रीण?" असं विचारायच्या. मग हसणं कमी झालं.

एका दुपारी कांचन सिस्टर अश्विनीला खांद्याला धरून घेऊन आल्या. अश्विनी सातव्या महिन्यात होती. पोटातलं बाळ मूत्राशयावर बसतं, त्या दिवसांत लघवी धरून ठेवणं जवळपास अशक्य असतं. तिने हात वर केला तेव्हा पास मनीषाकडे होता. मनीषा शौचालयात होती. लाइन लीडर म्हणाली, दोन मिनिटं थांब. अश्विनी थांबली. मग तिला थांबता आलं नाही.

तिला तपासण्यासारखं काही नव्हतं. बाळाचे ठोके व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. ती स्टुलावर बसली होती आणि दुसऱ्याच कुणाचा तरी एप्रन कमरेला गुंडाळलेला होता. सिस्टरनी तिला स्वतःची साडी दिली आणि पडदा ओढला.

"लाइन थांबवली का?" मी बाहेर येऊन विचारलं.

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "शेजारच्या दोघींनी एका हातानं आडोसा धरला. दुसऱ्या हातानं काम चालूच. बोर्ड हिरवाच ऱ्हायला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "लादी पुसाय पण तीच खाली बसत व्हती, मॅडम. मी उठवलं."

मला वाटलं, आता तरी बायका कंपनीवर चिडतील. त्या मनीषावर चिडल्या. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. कंपनीने कुठलाही शब्द दिला नव्हता. एकमेकींना दिलेला शब्द मनीषाने मोडला होता. दौंडहून येणाऱ्या बसमध्ये न्हावऱ्याला ती चढायची तेव्हा तिच्यासाठी जागा धरलेली असायची. आता त्या जागेवर पिशवी असायची, आणि पिशवी कुणाची हे कुणाला माहीत नसायचं.

मेडिकलच्या दिवशी ती आली. ओठ सुकलेले. मी काही विचारायच्या आधीच बोलली.

"म्याडम, माझं फिट लिवा."

"लिहिते. पण अट घालून."

सर्टिफिकेटचे तीन प्रकार असतात. फिट, अनफिट, आणि फिट विथ रिस्ट्रिक्शन. तिसरा म्हणजे काम करू शकेल पण एखादी गोष्ट सांभाळून: उंचीवर चढायचं नाही, जड उचलायचं नाही. तिला गरज लागेल तेव्हा लघवीला जाता आलं पाहिजे, असं मला लिहायचं होतं.

"अट नगं," ती म्हणाली. "अटवालीला घेत न्हाईत. तुमाला ठावं हाय."

मला माहीत होतं. तसं कुणी लेखी सांगत नाही, पण अट असलेलं नाव यादीतून आपोआप गळतं.

"परत तसाच त्रास झाला तर?"

"व्हऊ द्या की. ते आतलं हाय, कुणाला दिसत न्हाई. त्या दिवशी अश्विनीचं समद्यांनी बघितलं." तिने पदराने ओठ पुसले. "तुमचं ऐकून पाणी प्याले म्हून ते झालं. आता माझं ऐका."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि सर्टिफिकेटचा कोरा कागद पुढे ओढला. मग मला एक गोष्ट सुचली. तिच्या सर्टिफिकेटवर मी 'फिट' लिहिलं, आणि खाली ओळ टाकली: काम करताना गरज लागेल तेव्हा लघवीला जाता आलं पाहिजे. मग त्या बॅचमधल्या प्रत्येक बाईच्या सर्टिफिकेटवर तीच ओळ लिहिली. मग मेंटेनन्सच्या पुरुषांच्या. वार्षिक तपासणी चालू होती, त्यामुळे निखिल सरांच्याही. अट सगळ्यांनाच असली की कुणाला गाळणार?

दुसऱ्या दिवशी निखिल सर स्वतः दवाखान्यात आले. हातात कागद.

"मॅम, हे माझ्यावरही लिहिलंय."

"तुम्हाला गरज लागत नाही का?"

"पण ही रिस्ट्रिक्शन आहे."

"ही सवलत नाही आणि रोगही नाही. माणूस असल्याचा पुरावा आहे."

ते हसले नाहीत. "मॅम, हे ऑडिटला दिसेल."

"दिसावं म्हणूनच लिहिलंय."

"तुम्ही आम्हाला कॉर्नर करताय."

"दुसरी रिलीव्हर द्या. मी सगळे कागद नव्याने लिहून देते."

ते कागद घेऊन गेले, आणि मला वाटलं आपण जिंकलो. एवढी वर्षं नोकरी करून असं वाटावं, हा माझा भाबडेपणा. संस्था कोपऱ्यात सापडली की भिंत सरकवते, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून एका एजन्सीची व्हॅन आली. तिच्यात एक तरुण डॉक्टर, एक वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र. जेवणाच्या सुट्टीआधी सगळी बॅच तपासून झाली. सगळे फिट. ओळ नाही. माझे कागद 'सुपरसीडेड', म्हणजे नव्यांमुळे रद्द, असा शिक्का मारून ठेवून दिले गेले. काही दिवसांनी माझा करार संपला आणि तो पुढे वाढवणार नसल्याचा मेल आला. निरोप समारंभ मात्र केला. प्लांट हेडनी मला एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर कोरलं होतं: हायड्रेशन मोहिमेतील मोलाच्या योगदानाबद्दल. ते मी घरी नेलं. काचेचं असल्यामुळे फेकतानाही काळजी घ्यावी लागणार होती.

दुसरी रिलीव्हर आली नाही. घंटा अजून वाजते म्हणतात.

मनीषा पर्मनंट झाली. दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी ती माझ्या शिरूरच्या दवाखान्यात पेढे घेऊन आली. नवी साडी, कानात नवं काहीतरी. चेहरा पिवळट. बायका परत बोलायला लागल्या होत्या. अश्विनीला मुलगी झाली होती आणि बारशाला सगळी लाइन गेली होती, मनीषासुद्धा. हे सगळं सांगून झाल्यावर तिने कंबर धरली आणि म्हणाली, "आलेच हाय तर बघता का जरा?"

मी सोनोग्राफी करून घेतली. उजवीकडचा एक खडा चांगला वाढला होता. मूत्रपिंडाला सूज होती.

मी दवाखान्यात कामाला असलेल्या मावशींना पाणी आणायला सांगितलं. त्यांनी ग्लास तिच्यापुढे ठेवला. तिने तो हळूच बाजूला सरकवला.

"घ्या ना," मी म्हटलं. "आज तर सुट्टी आहे. इथे आत बाथरूम आहे. पास लागत नाही."

"तसं न्हाई म्याडम." ती ओशाळवाणं हसली. "आज प्याले की उद्या लाइनवर तहान लागती."

मी तिला युरोसर्जनसाठी चिठ्ठी लिहून दिली. ती तिने पर्समध्ये नीट घडी करून ठेवली आणि न्हावऱ्याच्या एसटीला गेली.

लघवीच्या तक्रारीचा पेशंट आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती पिता. कॉलेजात तसंच शिकवतात. मी आता तो विचारत नाही. कामाला कुठे आहात आणि तिथे मध्येच उठता येतं का, हे विचारते. उत्तर ऐकून मग औषध लिहिते. त्या औषधाचा कितपत उपयोग होणार आहे, हे तोपर्यंत मला कळलेलं असतं.